प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम (नवी आवृत्ती)

प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम (नवी आवृत्ती) हा युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा रद्द झालेला व्हिडिओ गेम आहे. २००३ साली आलेल्या मूळ खेळाचे कथानक भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्याने सुरू होते; नायिका फराह ही त्याच महाराजाची कन्या. मूळ खेळ माँट्रियलमध्ये तयार झाला होता. नव्या आवृत्तीचे काम मात्र कंपनीच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपविण्यात आले.

१० सप्टेंबर २०२० रोजी घोषणा होताच आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि २१ जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीख ठरली. परंतु ट्रेलरमधील पात्रांचे चेहरे व प्रकाशयोजना जुनाट दिसत असल्याची टीका खेळाडूंनी केली. ही चित्रशैली हेतुपुरस्सर निवडल्याचे दिग्दर्शकाने सांगितले, तरी नाराजी शमली नाही. प्रकाशन आधी १८ मार्चपर्यंत आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बेमुदत पुढे ढकलण्यात आले. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून माँट्रियलकडे गेले.

मोठ्या खर्चाच्या खेळांविषयी खेळाडूंची जी मुख्य तक्रार असते, ती येथे ठळकपणे दिसते: खेळ पूर्ण होण्यापूर्वीच त्याची विक्री सुरू होते. वस्तुतः या आवृत्तीची किंमत सुमारे ४० डॉलर, म्हणजे तत्कालीन मोठ्या खेळांच्या ६० डॉलरांहून कमी होती. तुलना मात्र त्यांच्याशीच झाली. २०२२ मध्येच आगाऊ नोंदणी मागे घेऊन ग्राहकांना परताव्याची सोय देण्यात आली.

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने इतर पाच खेळांसह हा प्रकल्प रद्द केला.