राष्ट्रपती निवडणुकीतील पक्षीय भूमिका : शिरूर व दौंड मतदारसंघांच्या संदर्भात

प्रस्तावना :

भारताच्या राष्ट्रपतीची निवड जनता प्रत्यक्ष मतदानाने करीत नाही. राज्यघटनेच्या कलम ५४ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्य ही निवड करतात. या निवडणुकीत पक्षांचे जाहीरनामे निघत नाहीत. राष्ट्रपतिपदाविषयीची त्यांची दृष्टी उमेदवाराच्या निवडीतून व त्याच्या समर्थनार्थ केलेल्या युक्तिवादातूनच प्रकट होते. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या शेजारच्या दोन विधानसभा मतदारसंघांच्या आधारे २००७ व २०२२ या दोन निवडणुकांतील परस्परविरोधी भूमिकांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मताचे मूल्य :

आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेवरून ठरते. महाराष्ट्राच्या त्या वेळच्या ५,०४,१२,२३५ लोकसंख्येला २८८ जागांनी व पुन्हा १,००० ने भागले असता १७५ हे मूल्य येते. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे या दोन्ही तालुक्यांचे स्वरूप पुष्कळ बदलले, तथापि ८४ व्या घटनादुरुस्तीनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेची आकडेवारी प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ चाच आधार कायम आहे. शिरूर व दौंड या दोन्ही मतदारसंघांच्या आमदारांचे मत अशा रीतीने समान वजनाचे आहे.

२००७ ची निवडणूक :

संयुक्त पुरोगामी आघाडी व डावे पक्ष यांनी प्रतिभाताई पाटील यांना उमेदवारी दिली. देशाच्या सर्वोच्च पदावर प्रथमच स्त्री विराजमान व्हावी, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. राष्ट्रीय लोकशाही आघाडीने अपक्ष म्हणून उभे राहिलेले तत्कालीन उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत यांना पाठिंबा देताना त्यांचा प्रदीर्घ अनुभव व पक्षातीत प्रतिमा पुढे केली. शिवसेनेने मात्र आघाडीची शिस्त बाजूस सारून मराठी उमेदवार म्हणून पाटील यांना साथ दिली. पाटील यांना ६,३८,११६, तर शेखावत यांना ३,३१,३०६ मतमूल्य मिळाले. त्या वेळी शिरूरचे प्रतिनिधित्व भारतीय जनता पक्षाकडे व दौंडचे राष्ट्रवादी काँग्रेसकडे होते.

२०२२ ची निवडणूक :

पंधरा वर्षांनंतर चित्र उलटले. शिरूर राष्ट्रवादी काँग्रेसकडे आणि दौंड भारतीय जनता पक्षाकडे होते. त्याहून लक्षणीय म्हणजे युक्तिवादांचीही अदलाबदल झाली. प्रतिनिधित्वाचा मुद्दा आता राष्ट्रीय लोकशाही आघाडीने मांडला. द्रौपदी मुर्मू यांच्या रूपाने आदिवासी समाजातील व्यक्तीस प्रथमच हे पद मिळावे, असे तिचे आवाहन होते. विरोधी पक्षांचे उमेदवार यशवंत सिन्हा यांनी, राष्ट्रपती हा सरकारचा होयबा नसून राज्यघटनेचा रक्षक असावा, ही भूमिका घेतली. मुर्मू यांना ६,७६,८०३ व सिन्हा यांना ३,८०,१७७ मतमूल्य मिळाले. याही वेळी उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेने मित्रपक्षांपासून वेगळे होऊन मुर्मू यांना पाठिंबा दिला.

दोन दृष्टींचा अर्थ :

पहिल्या दृष्टीनुसार राष्ट्रपतिपद हे वंचित घटकांच्या सन्मानाचे प्रतीक होय; दुसरीनुसार ते सत्तेवरील नैतिक अंकुश होय. दोन्ही दृष्टींना घटनेचीच मर्यादा आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक केला. ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) तो एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार दिला. त्यामुळे अंकुशाची भाषा व्यवहारात मर्यादित ठरते. दुसरीकडे, प्रतीकाने सन्मान वाढतो. परंतु त्या घटकाच्या जीवनमानात आपोआप बदल होतो असे नाही.

या दोन्ही निवडणुकांत संख्याबळ असलेल्या आघाडीने प्रतिनिधित्वावर भर दिला, तर संख्येत कमी पडणाऱ्या बाजूने पदाच्या स्वायत्ततेचा आग्रह धरला. म्हणजेच पक्षांची दृष्टी केवळ विचारसरणीतून येत नाही; सत्तेपासूनचे अंतरही ती घडविते. शिवसेनेचे उदाहरण मात्र केवळ आघाडीच्या गणितात न बसणाऱ्या प्रेरणाही असतात, याचे स्मरण देते.

निष्कर्ष :

या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही व मतदान गुप्त असते. परिणामी आमदाराने कोणाला मत दिले, हे त्याच्या मतदारास अधिकृतरीत्या कधीच कळत नाही; वर केवळ पक्षांची बाजू सांगितली आहे, ती याच कारणास्तव. शिरूरमध्ये चासकमानचे पाणी व दौंडमध्ये खडकवासला कालव्याचे आवर्तन, दोन्हीकडे उसाचा दर, अशा प्रश्नांवर विधानसभेची निवडणूक लढली जाते. त्याच कौलातून राष्ट्रपतिपदाविषयीचे १७५ मतमूल्यही सोपविले जाते. मात्र मतदाराला त्याविषयी कोणी विचारीत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दोन्ही मतदारसंघांतून महायुतीचे उमेदवार विजयी झाले. २०२७ मध्ये अपेक्षित असलेल्या पुढील राष्ट्रपती निवडणुकीपूर्वी आपला प्रतिनिधी या पदाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे मतदारांनी विचारणे अप्रत्यक्ष निवडणुकीस लोकशाही आशय देणारे ठरेल.