दस्तऐवजांचे डिजिटल छायाचित्रण आणि योग्य एक्सपोजर

मोडी कागदपत्रे व जुन्या पोथ्या यांच्या अभ्यासात डिजिटल कॅमेरा हे उपयुक्त साधन ठरले आहे. मात्र छायाचित्रातील अक्षरे वाचनीय राहणे हे बहुतांशी योग्य एक्सपोजरवर अवलंबून असते. एक्सपोजर म्हणजे संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाची मात्रा होय. दृश्यातील उजेड तोच असता ती अ‍ॅपर्चर व शटरचा काळ यांवरून ठरते. आयएसओ वाढविल्याने संवेदकाच्या संकेताचे केवळ वर्धन होते. शटरचा काळ १/६० वरून १/३० सेकंद केल्यास प्रकाश दुप्पट होतो. या फरकास एक ‘स्टॉप’ म्हणतात.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरील दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. परिणामी पांढऱ्या कागदाने व्यापलेली चौकट काळवंडते, तर काळी बांधणी फिकट उमटते. म्हणून कागदासाठी सुमारे एक स्टॉप एक्सपोजर वाढवावे व गडद वस्तूसाठी कमी करावे.

तथापि या वाढीस मर्यादा आहे. ८ बिट प्रतिमेत प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा पातळ्या असतात. कागदाचा भाग २५५ पर्यंत पोहोचला, की त्यावरील फिकट शाई व पुसट शिक्के लोप पावतात आणि त्या प्रतिमेतून ते परत मिळविता येत नाहीत. याउलट कमी एक्सपोजरचे चित्र उजळता येते. परंतु गडद भागातील नॉइज ठळक होतो.

हिस्टोग्रामचा आलेख उजव्या कडेजवळ जावा, पण तिला टेकू नये. जीर्ण कागद वारंवार हाताळणे इष्ट नसते. त्यामुळे दप्तर बांधण्यापूर्वीच ही तपासणी होणे आवश्यक आहे.