नुसते पाहणे म्हणजे शिकणे नव्हे

मूल मोबाईलवर धडा पाहते म्हणजे शिकतेच, असे धरून चालू नका. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागे. टीव्ही काही आपल्यासाठी थांबत नसे. मोबाईलवरचा धडा थांबतो. काही धड्यांत तर मध्येच प्रश्न येतो आणि उत्तर दिल्यावरच चित्र पुढे सरकते. जिथे तसे नाही, तिथे प्रश्न तुम्ही विचारा.

आपल्या मूलकडे धान घरोघरी. बियाणे तपासण्याची चित्रफीत लावा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळले की थांबवा. “आता कोणते दाणे तरंगतील? का?” पोरीला अंदाज करू द्या, चुकू द्या. मग बादलीत करून बघू द्या. पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी बसतात. तळचे दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. बियाणे घरचेच घ्या. औषध लावलेले पोरांच्या हाती मुळीच नको.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. बालभारतीच्या पुस्तकांतले असे कोड ‘दीक्षा’ ॲपवर उघडतात. जंगलालगतच्या गावांत रेंज मिळत नसेल, तर मूलला बाजाराला याल तेव्हा आठवड्याचे धडे उतरवून न्या.