प्रतिकृति-विमानांची दोन एंजिने : ग्लो आणि पेट्रोल

आकाशात झेपावणारे प्रतिकृति-विमान पाहिले म्हणजे त्यात कोणते एंजिन आहे, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. अशा वेळी शिक्षकाने केवळ नावे सांगून थांबू नये. ग्लो व पेट्रोल या दोन प्रकारांतील भेदाचे मूळही उलगडून सांगावे. ते मूळ म्हणजे सिलिंडरातील इंधन पेटविण्याची रीत होय.

पेट्रोल एंजिनात दट्ट्याने दाबलेले मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटते. ठिणगी नेमक्या क्षणी पडावी म्हणून तिची विद्युत्-साधने विमानास वाहून न्यावी लागतात. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात अशीच एंजिने प्रचारात होती. १९४७ च्या सुमारास रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि लहान विमानांचे हे ओझे उतरले.

ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. आरंभी सुमारे दीड व्होल्टच्या बॅटरीने ते तापवून लाल करतात. एंजिन चालू होताच बॅटरी काढून घेतात. पुढे ज्वलनाच्या उष्णतेने, तसेच मिथेनॉलावर प्लॅटिनमच्या होणाऱ्या उत्प्रेरक क्रियेने ते तप्त राहते. म्हणूनच ग्लो एंजिनात मिथेनॉलाऐवजी नुसते पेट्रोल घालून भागत नाही. वंगणासाठी इंधनातच एरंडेल किंवा कृत्रिम तेल मिसळलेले असते.

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे पंधरा किलोग्रॅम हवा लागते. तेवढ्याच मिथेनॉलास साडेसहा पुरते. अर्थात तितक्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून अधिक खर्ची पडते. यास्तव लहान विमानास हलके व सुटसुटीत ग्लो एंजिन, तर मोठ्या विमानास काटकसरी पेट्रोल एंजिन सोयीचे ठरते.

यापुढील गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मिथेनॉल हे विष आहे; ते पोटात गेल्यास दृष्टी जाते, प्राणही जाऊ शकतात. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागल्याचे चटकन ध्यानी येत नाही. पेट्रोलची वाफही क्षणात पेट घेते. म्हणून ही इंधने वर्गात आणू नयेत. फळ्यावरील आकृतीने विषय उत्तम समजतो. प्रात्यक्षिक दाखवायचेच झाल्यास ते मोकळ्या मैदानात, जाणकार प्रौढाच्या हातून व्हावे, आणि मुलांना फिरत्या पंख्यापासून दूर, त्याच्या मागील बाजूस उभे करावे.