मीटिंग कुठे भरते?

दारू कुठे मिळते हे शहरात नव्यानं आलेल्या माणसालाही विचारावं लागत नाही. दारू सोडलेली माणसं कुठे भेटतात, हे मात्र शोधावं लागतं. शाळा सुटल्यावरचा रिकामा वर्ग, चर्चच्या मागची खोली, एखाद्या दवाखान्याचा हॉल, अशा जागी संध्याकाळी थोडी माणसं जमतात, तास-दीड तास बसतात आणि पांगतात. दाराशी पाटी असलीच तर वर्तुळातला त्रिकोण आणि ‘एए’ ही अक्षरं. पलीकडच्या पानवाल्याला आत काय चालतं याचा बहुधा पत्ता नसतो.

‘एए’ म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. या संस्थेची सुरुवातही एका शोधाशोधीतूनच झाली. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारवाला ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. काम फिसकटलं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते आणि हॉटेलातला बार समोरच होता. त्यानं तिथल्या चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. त्याला हवा होता एक पिणारा माणूस, बोलायला. अखेर भेटला तो डॉ. बॉब स्मिथ, व्यवसायानं सर्जन आणि पक्का दारुडा. त्यानं १० जूनला शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. उपदेश करायला डॉक्टर, पाद्री, बायका सगळे होतेच. उपयोग झाला तो त्याच खड्ड्यात पडून आलेल्याचा. पुढचं सगळं या एका अनुभवावर उभं आहे.

भारतात एए १९५७ पासून आहे आणि तिचं इथलं मुख्य कार्यालय मुंबईत भायखळ्याला. संस्थेच्या हेल्पलाइनवर फोन केला की जवळच्या मीटिंगचा वार, वेळ आणि भाषा कळते. भाषा विचारून घ्यावीच. मुंबईत इंग्रजी, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या मीटिंगा असतात आणि मनातलं बोलायचं तर ते आपल्या भाषेतच निघतं. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारलं तरी पत्ता मिळतो. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइनही निःशुल्क आहे. ज्याला घराबाहेर पडणं जमत नाही, त्याच्यासाठी ऑनलाइन मीटिंगाही आहेत.

आत गेल्यावर काय होतं? पहिल्यांदा येणारा बहुतेक दाराजवळची खुर्ची धरतो. कुणी आडनाव विचारत नाही, हजेरीपट नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा असणं, एवढीच सभासदत्वाची अट. सुरुवातीला थोडं वाचन होतं, मग एकेक जण ‘मी अमुक, अल्कोहोलिक’ म्हणून बोलायला लागतो. कुणी पगाराच्या दिवशीचं सांगतो, कुणी मुलीच्या लग्नातला तमाशा. मधे कुणी तोंड घालत नाही, सल्ले देत नाही. ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसतं ऐकावं. शेवटी पिशवी फिरते. ज्याला जमेल तो चार पैसे टाकतो, कारण बाहेरच्यांची देणगी न घेण्याचा नियमच आहे. त्यातूनच जागेचं भाडं आणि चहा निघतो. ‘फक्त आजचा दिवस’ हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की नवख्याला हसू येतं.

एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांमधला ईश्वराचा उल्लेख मात्र काहींना खटकतो. ‘आपल्याला जसा कळेल तसा’ अशी मोकळीक दिलेली आहे, तरी वातावरण प्रार्थनेचं वाटतं, हे खरंच. पण म्हणून हे सगळं भाबडेपणाचं आहे असं म्हणता येत नाही. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेनं एएविषयीचे २७ अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे, हेही तितकंच खरं. सकाळी उतारा घेतल्याशिवाय ज्याला चहाचा कप धरवत नाही, अशा माणसानं एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. त्यानं आधी डॉक्टर गाठावा. अडचण अशी की तिथवर पोचणारेच थोडे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळालेली होती.

एक ग्रुप पटला नाही तर दुसरा पाहावा. प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा असतो. बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत बसायचा संकोच वाटतो. त्यांनी खास स्त्रियांच्या मीटिंगची चौकशी करावी. आणि पिणारा यायलाच तयार नसेल तर? घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. शिवाय एएच्या ‘ओपन’ मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं. नवऱ्याच्या आधी बायकोनं जाऊन ऐकलं, तरी कुणी आक्षेप घेत नाही.