खोटी वॉर्निंग आणि खरी दुरुस्ती

२९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आज रेशनच्या दुकानात धान्य घेताना आधारच्या पडताळणीसाठी सहसा अंगठा लावावा लागतो. त्या अंगठ्याच्या आणि संगणकाच्या मध्ये असतो ड्रायव्हर, म्हणजे ठसा वाचणाऱ्या सेन्सरशी बोलणारा, बहुधा सी भाषेतला छोटासा प्रोग्रॅम. लिनक्ससाठी असे ड्रायव्हर लिहिणं-दुरुस्त करणं हे माझं काम, आणि त्यातला सगळ्यात चिवट भाग म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरच्या खोट्या वॉर्निंग्ज.

परवाचंच घ्या. ‘स्टेटस’ हे व्हेरिएबल किंमत न भरताच वापरलं जाऊ शकतं, असं जीसीसी या कंपायलरचं म्हणणं. मी कोड वरपासून खालपर्यंत वाचला. आतलं फंक्शन रजिस्टर वाचतं. उत्तर शून्य आलं नाही, तर ‘स्टेटस’ला हात न लावता तेच उत्तर परत करतं. बाहेरचं फंक्शन एवढंच बघतं, की आकडा ऋण आहे का. ऋण असेल तर तिथूनच माघारी. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, रिवाजात एरर कोड ऋणच असतो, त्यामुळे आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. कंपायलरला हा रिवाज माहीत नसतो. तो विचारतो, आकडा धन आला तर? मग आत किंमत भरली जाणार नाही आणि बाहेर कुणी अडवणारही नाही.

सोपा उपाय म्हणजे सुरुवातीलाच ‘स्टेटस’मध्ये शून्य भरून टाकायचं. वॉर्निंग जाते, पण मला हे पटत नाही. उद्या कुणी त्या फंक्शनमध्ये नवी वाट घातली आणि तिथे किंमत भरायची राहिली, तर कंपायलर ब्रसुद्धा काढणार नाही. आणि शून्याचा अर्थ ‘सेन्सर तयार आहे’ असा असला, तर ड्रायव्हर बिनधास्त पुढे जाईल.

कर्नलमध्ये तर ही वॉर्निंग गप्प करण्यासाठी ‘अनइनिशियलाइझ्ड व्हार’ नावाचा खास मॅक्रोच होता. व्हेरिएबलला त्याचीच किंमत द्यायची, की कंपायलर गप्प. त्याखाली खऱ्या चुकाही झाकल्या जात, म्हणून कर्नलवर काम करणारे केस कुक यांनी तो २०२० मध्ये, ५.९ आवृत्तीत, काढून टाकला. त्याच वर्षी जीसीसी १० आल्यावर लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी ही वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमधून बंद केली. खोट्यांच्या ढिगात खऱ्या वॉर्निंग्ज दबतात, ही त्यांची अडचण मला समजते. तरीही ड्रायव्हर तपासताना मी ती मुद्दाम चालू करतो.

इथली दुरुस्ती अगदी छोटी होती. बाहेरही ‘ऋण आहे का’ऐवजी ‘शून्य सोडून काही आहे का’ असं तपासायचं. दोन्हीकडचा प्रश्न एकच झाला, की कंपायलरला दिसणारी तिसरी, धन आकड्याची वाट बंद होते आणि उद्याच्या चुकीवरची त्याची नजरही शाबूत राहते.

मात्र त्याआधी तळापर्यंत उतरून बघावंच लागतं. यूएसबीचं कंट्रोल मेसेज फंक्शन यशस्वी झालं, की किती बाइट गेले-आले तो आकडा देतं, म्हणजे धन. मागितले चार आणि आले दोनच, तर उत्तर येतं दोन, आणि ‘ऋण आहे का’ या तपासणीतून ते सहज निसटतं. यूएसबी नेटवर्क अडॅप्टरच्या ‘एसिक्स’ ड्रायव्हरमध्ये नेमका असाच दोष सापडला होता. अशा जागी वॉर्निंग खोटी नसतेच. तिथे आतल्या फंक्शनातच अपुऱ्या बाइटचं रूपांतर ऋण एरर कोडमध्ये करायचं, आणि पॅचच्या वर्णनात कंपायलरची आवृत्ती व त्याला दिसलेली वाट दोन्ही लिहायची.