चहाला पाठविलेला माणूस

ज्याचा मुलगा, भाऊ किंवा जावई आदल्या रात्री पोलिसांनी उचलून नेला आहे असा खेडूत सकाळी नांदेडच्या वा लातूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात येऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या आणि वकिलाच्या मध्ये कायद्याने कोणालाही उभे केलेले नसते. इंग्लंडात आरोपीने आधी सॉलिसिटर गाठावा, त्याने हकीकत टिपून, कागद लावून ते प्रकरण बॅरिस्टरकडे न्यावे, ही जी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि २००४ पासून तेथेही काहीशी सैल झाली, तिचीच प्रतिकृती मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला नांदत होती. १९७६ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमातून सॉलिसिटरचे काम करणारा अ‍ॅटर्नी हा वर्गच गेला आणि ती व्यवस्था कायद्यापुरती तरी संपली. मराठवाड्यातल्या कचेऱ्यांना तिचा वारा कधी लागलाच नव्हता. निजामी अमदानीत उर्दूत बहस करणारा सनदी वकील काय किंवा आजचा काळ्या कोटातला अधिवक्ता काय, पक्षकार थेट त्याच्याच ओसरीवर येऊन बसत आला आहे.

आणि तरीही मध्ये माणूस असतोच. तो सरपंच असतो, सोसायटीचा चेअरमन असतो, किंवा स्वतः दोन-चार खटले भोगून कोर्टाच्या पायऱ्या पाठ झालेला भावकीतला कोणी वडीलधारा असतो. ज्या जीपमधून सगळे आले ती त्याची, रात्री ठाण्यात फौजदाराशी बोललेला तो, आणि वकिलांसमोरच्या खुर्चीवर बसणाराही तोच. आरोपीचा बाप मागे भिंतीला टेकून उभा असतो. नांदेडच्या एका ज्येष्ठ फौजदारी वकिलांच्या कार्यालयात कोपऱ्यातल्या बाकावर बसून मी हा देखावा पुष्कळदा पाहिला. वकीलसाहेब बापाकडे पाहून विचारीत, ‘‘काय झालं?’’ आणि उत्तर खुर्चीतून येई : ‘‘त्येला काही सांगता येत नाही सायेब, मी सांगतो सगळं.’’ वकीलसाहेब ते सगळे शांतपणे ऐकून घेत, मग त्या गृहस्थांना मोठ्या आदबीने म्हणत, ‘‘तुम्ही रात्रभर जागलेले दिसता, जरा चहा घेऊन या.’’ त्या गृहस्थांबरोबर मलाही बाहेर जावे लागे, हे सांगायला नकोच.

या चहामागे केवळ शिष्टाचार नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले वकिलाने उघड करू नये, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे कलम १२६ सांगत असे, आणि त्यात बॅरिस्टर, अ‍ॅटर्नी, प्लीडर, वकील अशी चौघांची नावे शेजारी शेजारी होती; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये त्या चौघांच्या जागी एकटा अधिवक्ता आला. दुभाषा आणि वकिलाचा कारकून यांनाही हे बंधन तेव्हा होते, आजही आहे. चेअरमनसाहेब मात्र यांपैकी कोणीच नव्हेत. त्यांच्या देखत बोललेले वाक्य उद्या त्यांच्याच तोंडून साक्षीच्या पिंजऱ्यात वदवून घेतले गेले, तर त्यांना अडविणारे कलम कुठले? शिवाय गावात निवडणुका होतात, माणसे पक्ष बदलतात.

दार लोटल्यावर आत काय बोलणे होते ते मला ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु एकूण रीत वकीलसाहेबांनी नंतर समजावून सांगितली. ‘केलंस का’ हा प्रश्न ते आरंभी विचारीतच नाहीत. भांडण कुठल्या धुऱ्यावर झाले, तेथून शेतातला आखाडा किती पावलांवर, त्या वेळी लाइट होती की गेलेली होती, धावत पहिला कोण आला, दवाखान्यात आधी कोण पोचले आणि जखम कशाने झाली म्हणून डॉक्टरला काय सांगितले, फिर्याद किती वाजता नोंदली गेली आणि तोवर फिर्यादी कोणाकोणाला भेटला : असे हे खोदकाम चालते. मुखेड, कंधार, देगलूर किंवा इकडे औसा, निलंगा, अहमदपूर, कुठल्याही तालुक्यातले मारहाणीचे प्रकरण थोडे उकरले की पुष्कळदा खाली बांध निघतो. मग सातबारा, मोजणीचा नकाशा आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक मागवावे लागते. क्वचित आजोबांच्या वेळचा उर्दू निवाडाही निघतो, आणि तो वाचणारा म्हातारा शोधण्यात दिवस जातो. सॉलिसिटर ज्यासाठी वेगळी फी घेतो ते सर्व काम येथे वकील आणि त्याचा मुन्शी मिळून, त्याला काही नाव न देता, उरकतात. मुन्शी या असामीवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. बोर्डावर प्रकरण कितवे आहे, सरकार पक्षाचा से (म्हणणे) आला की नाही, नकलेचा अर्ज कुठे अडला, जामीनदाराच्या ऐपतीच्या दाखल्यात काय उणे आहे, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते.

वकीलपत्रावर सही मात्र आरोपीचीच लागते. रिमांडसाठी आणलेल्या माणसाशी पुकारा होण्याआधी दोन मिनिटे मिळतात, तेवढ्यात ती सही किंवा अंगठा घेतला जातो. तुरुंगात असेल तर तुरुंगाधिकाऱ्याच्या शिक्क्यानिशी कागद बाहेर येतो. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेला पसंतीच्या वकिलाचा हक्क व्यवहारात या दोन मिनिटांएवढाच रुंद असतो.

फीचे बोलणेही वकीलसाहेब चहाच्या वेळातच उरकतात. निकालावर अवलंबून फी ठरवू नये असा बार कौन्सिलचा नियम असताना ‘जामिनाचे किती, सुटल्यावर किती’ असा ठोक सौदा मांडणारा मध्यस्थच असतो; आणि घरच्यांनी जनावर विकून दिलेली रक्कम व वकिलाच्या हाती पडलेली रक्कम हे दोन आकडे नेहमीच एक असतात असे नाही. म्हणून आकडा आईबापांना समक्ष सांगायचा आणि पावती त्यांच्याच हाती द्यायची. ज्यांच्यापाशी विकायलाही काही नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि आता लोक अभिरक्षक कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला तेथे उत्पन्नही विचारले जात नाही. पैसाच नसल्यामुळे तिकडे मध्यस्थ फिरकत नाही, आणि बोलणे पहिल्याच वाक्यापासून खरे सुरू होते, हा तेथील एका वकीलबाईंचा अभिप्राय मला पटला.

प्रकरण वर गेले की चित्र पालटते. १९५६ पर्यंत येथील अपिले हैदराबादला जात, पुढे मुंबईला, आणि १९८१ पासून औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, खंडपीठात जातात. तेथे वरिष्ठ अधिवक्ता म्हणून नामांकित झालेल्या विधिज्ञाला पक्षकाराकडून थेट प्रकरण घेता येत नाही, वकीलपत्रही दाखल करता येत नाही. दुसरा अधिवक्ता सोबत लागतोच. बॅरिस्टर गेले, अ‍ॅटर्नी गेले, तरी त्यांच्यामधली भिंत एवढी उरली आहे. जिल्ह्याचा वकील मग आपसूक सॉलिसिटर बनतो : दोषारोपपत्रातल्या कच्च्या जागा टिपतो, जखमेचे प्रमाणपत्र आणि फिर्याद यांच्या वेळा समोरासमोर मांडतो आणि फाइल बगलेत मारून रात्रीच्या बसने निघतो. लातूरचे एक तरुण वकील जामीन अर्जासाठी असे निघाले असताना मी स्थानकावर होतो. चेअरमनसाहेब येण्याचा आग्रह धरून होते. वकिलांनी त्यांना नम्रपणे नकार दिला आणि दुसरे तिकीट आरोपीच्या भावाचे काढले. आखाड्याचे दार कुठल्या दिशेला उघडते असे वरिष्ठांनी विचारले, तर ते फाइलमध्ये नाही, एवढेच कारण त्यांनी दिले.